तो की ती? अ‍ॅनिमेतल्या पात्रांवरचे वाद आणि ट्रान्सजेंडर असणं

नाशिकमध्ये जपानी कार्टून म्हणजेच अ‍ॅनिमे पाहणारी मंडळी आता लपून राहिलेली नाहीत. कॉलेज रोडवर बॅगेला लटकणाऱ्या किचेनवरून ती ओळखू येतात. रविवारी मिसळ खायला निघालेल्या टोळीत त्यातली निदान दोघं असतात, आणि त्या दोघांचं ‘अटॅक ऑन टायटन’ या मालिकेतल्या पात्रावरून, ‘हांगे बाई की पुरुष’ यावरून एकदा तरी कडाक्याचं वाजलेलं असतं. वाद पात्रावरून सुरू होतो आणि बघता बघता खऱ्या माणसांवर घसरतो. ‘म्हणजे तो ट्रान्सजेंडर का?’ ‘ट्रान्सजेंडर म्हणजे द्वारका सर्कलला टाळ्या वाजवत येतात ते ना?’ तिथून पुढे कोण कशाबद्दल बोलतंय हेच कळेनासं होतं.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. लेखकाने एखाद्या पात्राचं लिंग धूसर ठेवलं असेल, तर ते कसं ओळखायचं, हा वाचनाचा प्रश्न. समोरचं जिवंत माणूस स्त्री आहे, पुरुष आहे की आणखी काही, हा त्या माणसाच्या आयुष्याचा प्रश्न. पहिल्याचे नियम दुसऱ्याला लावले की घोळ होतो. म्हणून आधी मुळापासून सुरुवात करू.

एकात गुंडाळलेल्या चार गोष्टी

बाळ जन्मलं की डॉक्टर किंवा सुईण शरीराकडे पाहून मुलगा की मुलगी ते सांगतात आणि जन्मदाखल्यावर तेच चढतं. हे जन्माच्या वेळी नोंदवलेलं लिंग. ते मूल मोठं होताना स्वतःला आतून काय समजतं, ती त्याची लिंगओळख. बहुतेकांच्या बाबतीत या दोन गोष्टी जुळतात, त्यामुळे त्या दोन आहेत हेही कधी जाणवत नाही. ज्यांच्या बाबतीत त्या जुळत नाहीत ती माणसं ट्रान्सजेंडर, थोडक्यात ट्रान्स. दाखल्यावर ‘पुरुष’ लिहिलेलं पण स्वतः स्त्री असलेली ती ट्रान्स स्त्री, आणि याच्या उलट तो ट्रान्स पुरुष. स्त्री आणि पुरुष या दोन्ही खणांत न बसणारी माणसं स्वतःला नॉन-बायनरी म्हणवतात.

तिसरी गोष्ट म्हणजे बाहेर दिसणारं रूप: कपडे, केस, चाल, बोलण्याची ढब. आणि चौथी म्हणजे आकर्षण, कोण आवडतं ते. या चारही गोष्टी सुट्या सुट्या असतात. लांब केस ठेवणारा, हळू बोलणारा, डोळ्यांत काजळ घालणारा मुलगा पुरता पुरुष असू शकतो आणि त्याला मुलीच आवडत असू शकतात. ट्रान्स स्त्रीला पुरुष आवडतात की स्त्रिया, हे तिच्या ट्रान्स असण्यावरून सांगता येत नाही.

दोन गोष्टी यात हमखास मिसळल्या जातात. इंटरसेक्स असणं ही शरीराची बाब आहे. गुणसूत्रं, संप्रेरकं किंवा जननेंद्रियं ठरलेल्या स्त्री-पुरुष साच्यात बसत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ इंटरसेक्स माणसं आयुष्यभर स्वतःला निःशंकपणे स्त्री किंवा पुरुष म्हणूनच ओळखतात. दुसरी बाब किन्नर किंवा हिजडा समाजाची. गुरू-चेल्यांची परंपरा आणि घराणी असलेला तो एक समाज आहे. त्यात अनेक ट्रान्स स्त्रिया असतात, काही इंटरसेक्स असतात. पण प्रत्येक ट्रान्स माणूस त्या समाजात जात नाही, आणि ट्रान्स पुरुष तर लोकांच्या डोळ्यांपुढे येतच नाहीत. अंबडच्या कारखान्यात पाळी करून घरी जाणारा ट्रान्स पुरुष तुमच्या शेजारी राहत असेल तरी तुम्हाला कळणार नाही, आणि कळायला हवं असंही काही नाही.

जपानीत जे सहज झाकलं जातं

आता पात्रांकडे वळू. जपानी क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. ‘किता’ म्हणजे आला, आली, आलं, आले, सगळंच. ‘तो’साठी ‘कारे’ आणि ‘ती’साठी ‘कानोजो’ हे शब्द आहेत, पण रोजच्या बोलण्यात लोक नावाला ‘सान’ जोडतात किंवा कर्ता गाळूनच टाकतात. त्यामुळे जपानी लेखकाला एखादं पात्र प्रकरणामागून प्रकरण गुलदस्त्यात ठेवायचं असेल तर भाषेशी झटापट करावी लागत नाही.

मराठीत ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हटलं की पहिल्याच वाक्यात पितळ उघडं पडतं. हिंदीतही ‘मैं आया’ आणि ‘मैं आयी’. म्हणून हिंदी डबिंग करणाऱ्याला पात्राने तोंड उघडण्याआधीच निर्णय घ्यावा लागतो. इंग्रजी सबटायटल लिहिणाराही ‘ही’ किंवा ‘शी’ निवडून मोकळा होतो. पुढे कथेने वेगळंच काही सांगितलं की आधीचं सगळं चुकीचं ठरतं, आणि तोवर ते हजारोंच्या कानांत बसलेलं असतं.

कधी हे मुद्दामही होतं. ‘सेलर मून’ या जपानी मालिकेच्या नव्वदच्या दशकातल्या अमेरिकी डबिंगमध्ये झोयसाइट या खलनायकाला चक्क बाई करून टाकलं. मूळ जपानीत तो पुरुष आहे आणि त्याचं प्रेम दुसऱ्या पुरुषावर आहे. लहान मुलांच्या कार्यक्रमात ते नको, म्हणून ही शस्त्रक्रिया. आता ते डबिंग पाहिलेला चाहता आणि मूळ पाहिलेला चाहता समोरासमोर आले, तर दोघंही छातीठोकपणे आपलंच खरं म्हणणार, आणि दोघंही प्रामाणिक असणार.

तेव्हा शंका आली की पहिलं काम म्हणजे आवाज जपानीवर ठेवायचा आणि ‘मी’साठी पात्र कोणता शब्द वापरतं ते ऐकायचं. ‘ओरे’ रांगडा, पुरुषी. ‘बोकु’ मुलग्यांचा, जरा मवाळ. ‘आताशी’ बायकी. ‘वाताशी’ औपचारिक बोलण्यात कुणीही वापरतं, त्यावरून काही ठरत नाही. एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण स्वतःला ‘बोकु’ म्हणणाऱ्या मुली अ‍ॅनिमेत ढीगभर आहेत आणि त्या मुलीच असतात. कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. त्यावरून कुणी त्यांना मुलगे ठरवत नाही.

‘मी’पेक्षा भक्कम खूण नात्याच्या शब्दांत सापडते. ‘इमोतो’ म्हणजे धाकटी बहीण, ‘ओतोतो’ म्हणजे धाकटा भाऊ. हे शब्द धूसर राहत नाहीत. त्यामुळे कोण कुणाला काय म्हणतं, आणि सगळे एकच म्हणतात का, याकडे कान हवा.

आवाज बाईचा, पात्र पोराचं

‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकुला १९८६ पासून आवाज देणाऱ्या मासाको नोझावा बाई आहेत. ‘वन पीस’मधल्या लुफीचा आवाज मायुमी तानाका यांचा, ‘नारुतो’ मालिकेतल्या नारुतोचा जुन्को ताकेउची यांचा. हिंदी डोरेमॉन बोलला तो सोनल कौशल यांच्या आवाजात. कारण साधं आहे. मुलग्याला घेतलं तर वयात येताना त्याचा आवाज फुटतो आणि चालू मालिकेचा खोळंबा होतो. बाई तोच पोरगेला आवाज दशकानुदशकं टिकवू शकते. तेव्हा ‘आवाज मुलीचा आहे, म्हणजे पात्र मुलगी’ हा पुरावा कचऱ्यात टाकायचा.

नाशिककरांना हे नवं वाटायला नको. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडं नेसवलं. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. बालगंधर्वांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. नट पुरुष, पात्र स्त्री, हे प्रेक्षकाला बरोबर कळत होतं. आज एखादा मुलगा मुलीच्या पात्राचा कॉस्प्ले करून, म्हणजे त्या पात्रासारखा पोशाख घालून, आला की मात्र लगेच कुजबुज सुरू होते. तो वेश आहे. वेशावरून ओळख काढू नये, आणि फोटो काढण्याआधी विचारावं, एवढं पुरे.

पुरावा कुठे आणि किती वजनाचा

चाहत्यांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येतात. मूळ कथेत ठरलेलं ते कॅनन. चाहत्याने स्वतःच्या मनाशी धरलेलं ते हेडकॅनन. हेडकॅनन धरण्यात काही गैर नाही, ते कॅनन म्हणून दुसऱ्याच्या गळी उतरवायला गेलं की भांडण होतं.

सगळ्यांत वजनदार पुरावा म्हणजे पात्राच्या तोंडचं, दबावाखाली नसताना काढलेलं वाक्य. ‘नारुतो’मधला हाकु नारुतोला त्याच्या सोबतीण साकुरापेक्षाही गोंडस मुलगी वाटतो, आणि निरोप घेताना सरळ सांगतो की मी मुलगा आहे. विषय संपला. दिसणं बायकी, ओळख पुरुषाची. हाकु ट्रान्स नाही. ‘वन पीस’मधली किकु जन्माने पुरुष, पण स्वतः म्हणते की मनाने मी स्त्री आहे. इथेही विषय संपला, फक्त उलट दिशेने.

‘हंटर हंटर’मधली अल्लुका अधिक शिकवून जाते. किल्लुआ तिला कायम ‘इमोतो’ म्हणतो, बहीण. थोरला भाऊ इल्लुमी मात्र तिला भाऊच म्हणत राहतो. साक्षी दोन आणि साक्ष परस्परविरुद्ध. मग कुणाचं मानायचं? कथा तिला कोण माणूस म्हणून वागवतं आणि कोण वस्तू म्हणून, हे अगदी स्पष्ट दाखवते. किल्लुआ तिला उराशी धरतो. घरचे तिला कोंडून ठेवतात आणि तिच्या शक्तीचा हिशेब मांडतात. लेखकाने पारडं कुठे झुकवलंय ते यातून कळतं. खऱ्या घरांतही पुष्कळदा असंच असतं. एकच भावंड बरोबर नाव घेतं आणि बाकीचे जुन्या नावाला चिकटून बसतात.

ब्रिजेटचं प्रकरण वेगळं. ‘गिल्टी गिअर’ या व्हिडिओ खेळात हे पात्र २००२ मध्ये आलं. गावात जुळे मुलगे अपशकुनी मानत, म्हणून एकाला मुलगी म्हणून वाढवलं, अशी पार्श्वभूमी. त्या काळात ब्रिजेट स्वतःला मुलगाच म्हणायचं. २०२२ मध्ये नव्या भागात ब्रिजेट परतली आणि कथेच्या शेवटी स्वतःहून म्हणाली की मी मुलगी आहे. चाहत्यांचा एक गट भाषांतराची चूक, अमक्या शेवटातच तसं आहे, असं बोलत राहिला. शेवटी त्याच वर्षी खेळ बनवणाऱ्यांनीच स्पष्ट केलं की ती स्वतःला स्त्रीच मानते. यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. लहानपणी घातलेल्या फ्रॉकमुळे ती मुलगी झाली नाही, तो घरच्यांचा निर्णय होता. आणि वीस वर्षांपूर्वी ती जे म्हणाली ते तेव्हाच्या समजेप्रमाणे होतं, पुढची समज पुढे आली.

काही पात्रांचा निकाल लागतच नाही, लागायचा नसतोच. ‘अटॅक ऑन टायटन’च्या हांगेबद्दल इंग्रजी प्रकाशकांनी ‘ही’ आणि ‘शी’ दोन्ही टाळायचं ठरवलं. अ‍ॅनिमेत मात्र हांगे बाईसारखी दाखवली गेली. म्हणजे मूळ चित्रकथा, अर्थात मांगा, वाचणारा आणि अ‍ॅनिमे पाहणारा, दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. ‘वन पीस’चा यामातो त्याहून अवघड. बाप कायदो त्याला आपला मुलगा म्हणतो, यामातो स्वतःला ओदेन या सामुराईचं नाव लावतो, ओदेन पुरुष होता म्हणून आपणही पुरुष असं त्याचं म्हणणं. आणि अधिकृत माहितीपत्रावर ‘स्त्री’ छापलेलं. ही ट्रान्स पुरुषाची गोष्ट आहे की एका थोर माणसाच्या भक्तीत स्वतःला विसरलेल्या मुलीची? पात्राच्या तोंडच्या शब्दाला वजन द्यायचं ठरवलं तर ‘तो’ म्हणावं, असं आमचं मत. पण विरुद्ध बाजूकडे छापील कागद आहे आणि त्यांना मूर्ख ठरवायचं कारण नाही.

थोडक्यात वजनाचा क्रम असा लागतो: आधी पात्राचं स्वतःचं बोलणं, मग कथेने ज्यांना विश्वासू दाखवलंय त्यांचं वागणं, मग लेखकाची मुलाखत आणि माहितीपुस्तकं, आणि सगळ्यांत शेवटी डबिंग, सबटायटल आणि आपला डोळा.

माणसाच्या बाबतीत हाच क्रम का चालत नाही

पात्राला खासगी आयुष्य नसतं. त्याच्याबद्दल तर्क करा, पानं चाळा, रात्रभर भांडा, त्याला इजा होत नाही. माणसाबाबत पुरावा एकच, त्या व्यक्तीचं स्वतःचं सांगणं. घरचे काय म्हणतात, दाखल्यावर काय आहे, चेहऱ्यावरून काय वाटतं, यातलं काहीही त्यापुढे टिकत नाही. आणि सांगायचं की नाही, कुणाला आणि कधी, हेही त्या व्यक्तीनेच ठरवायचं.

आवाजाचंच घ्या. ऑनलाइन खेळताना व्हॉइस चॅटवर ‘आवाज तर मुलाचा आहे, मुलगी कसली’ असं सर्रास ऐकू येतं. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाने स्वरतंतू जाड होतात आणि आवाज खाली उतरतो. ते एकदा झालं की इस्ट्रोजेन घेऊन स्वरतंतू पुन्हा पातळ होत नाहीत. म्हणून वयात आल्यावर संप्रेरकं सुरू केलेल्या ट्रान्स स्त्रीचा आवाज आपोआप बदलत नाही. तिला तो सरावाने, स्पीच थेरपिस्टकडे जाऊन घडवावा लागतो. ट्रान्स पुरुषाचा आवाज मात्र टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर काही महिन्यांत फुटतो. एवढं ठाऊक असलं की आवाजावरून कुणाला खोटं ठरवण्याची खुमखुमी उरत नाही.

मग बोलायचं कसं? इथे मराठीची अहो-जाहो कामाला येते. ‘तू कधी आलास’, ‘तू कधी आलीस’ यात निवड करावी लागते. ‘तुम्ही कधी आलात’, ‘तुम्ही काय घेणार’ यात करावी लागत नाही. नव्या माणसाशी तुम्ही-आम्हीने सुरुवात करा आणि कान उघडे ठेवा. दोन मिनिटांत ती व्यक्ती ‘मी पंचवटीत राहते’ किंवा ‘मी सिडकोहून आलो’ असं काहीतरी म्हणेलच. तिने स्वतःसाठी वापरलेलं क्रियापद उचला. जुनं नाव काय होतं, ऑपरेशन झालं का, हे प्रश्न इतर कुणाला आपण विचारत नाही, तेव्हा इथेही नाही.

‘तोंडात बसलेलं नाव कसं बदलायचं?’

कालपर्यंत ‘तो’ होता, आज ‘ती’ म्हणायचं, हे जमत नाही, अशी तक्रार असते. आपल्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं की संध्याकाळपासून माहेरची सुमन सासरी सुनंदा. सासूबाईंपासून वाण्यापर्यंत सगळे आठवडाभरात सरावतात, चुकलं तर जीभ चावून पुढे जातात, आणि ‘आधीचं खरं नाव सांग’ म्हणून कुणी हटून बसत नाही. तिथे तर बऱ्याचदा मुलीला विचारलेलंही नसतं. इथे माणूस स्वतः मागतोय. चुकून ‘आला’ म्हणालात तर ‘आली’ म्हणून वाक्य पुढे न्या. पाच मिनिटं माफी मागत बसलात तर उलट समजूत काढायचं काम तिच्यावरच येतं.

‘ही परदेशी थेरं आहेत’

नाशिक जिल्ह्यात बसून हे म्हणणं जरा अवघड आहे. कोजागरी पौर्णिमेला सप्तशृंगी गडावर राज्यभरातून तृतीयपंथी येतात, त्यांचा छबिना निघतो. परकं काही असेल तर ते दडपणारे कायदे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांचा. त्याचा दुसरा भाग खास हिजड्यांवर नोंदणी आणि पाळत लादण्यासाठीच होता. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा ‘इतर’ हा रकाना आला तेव्हा देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार लोकांची नोंद त्यात झाली. घरच्यांसमोर माहिती द्यायची असताना किती जणांनी खरं सांगितलं असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

‘हा मानसिक आजार आहे आणि कार्टून पाहून मुलांना लागतो’

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात ट्रान्स असण्याशी संबंधित नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली. पूर्णपणे का काढली नाही? उपचार हवे असणाऱ्यांना डॉक्टरकडे आणि विम्याकडे दाखवायला काहीतरी नोंद लागते म्हणून.

मुलांविषयी हीच आवृत्ती फार सावध आहे. मुलगा बाहुली खेळतो, मुलगी केस कापून क्रिकेट खेळते, एवढ्यावरून निदान करू नये, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. वयात न आलेल्या मुलाबाबत न जुळण्याची भावना सुमारे दोन वर्षं टिकलेली असावी लागते. तेव्हा लेकाने ‘वन पीस’मधल्या झोरो या पुरुषाऐवजी नामी या मुलीचं स्टिकर लावलं म्हणून हवालदिल व्हायची गरज नाही; आणि लेक वर्षानुवर्षं एकच गोष्ट कळवळून सांगत असेल तर मोबाइल काढून घेऊन ती जाणारही नाही. कार्टूनमधून त्याला फार तर शब्द मिळतो, भावना आधीच असते. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, पण ‘बदलून द्या’ म्हणून नव्हे. ओळख बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय. कुणी तशी हमी देत असेल तर तिथून उठून यावं.

‘मग उद्या कुणीही उठून काहीही म्हणेल’

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सांगितलं की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा स्वतःचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे. पण सरकारी कागदासाठी नुसतं म्हणून भागत नाही. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याखाली २०२० मध्ये नियम आले आणि त्यांनी एक पद्धत आखून दिली. राष्ट्रीय ट्रान्सजेंडर पोर्टलवर अर्ज भरायचा, सोबत प्रतिज्ञापत्र, ओळखीचा पुरावा आणि फोटो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळतं. या नियमांत त्यासाठी तीस दिवसांची मुदत होती आणि वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. शस्त्रक्रियेनंतर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर रुग्णालयाचं प्रमाणपत्र जोडून दुसरा अर्ज. कायद्यात आणि नियमांत बदल होत असतात, म्हणून भरण्याआधी पोर्टलवरची चालू सूचना वाचावी. जिल्ह्यात चौकशीसाठी समाजकल्याण विभागाचं कार्यालय आहे.

अडतं ते बहुधा क्षुल्लक ठिकाणी. आधारवर नावाचं एक स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, प्रतिज्ञापत्रावर तिसरं. प्रतिज्ञापत्र करण्याआधी सगळे कागद शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवून घ्यावं. नाव बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते छापून घ्यावं लागतं, बँक आणि विद्यापीठ तोच कागद मागतात. आणि ज्यांना घरच्यांनी बाहेर काढलंय त्यांच्याकडे पत्त्याचा पुरावाच नसतो, ही खरी मेख आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

फॅनफिक्शन किंवा सबटायटल मराठीत लिहिणारे आता बरेच आहेत, आणि धूसर पात्र आलं की ते हात टेकतात. टेकू नयेत. मराठीत पळवाटा पुष्कळ आहेत. ‘हांगे हसली’ किंवा ‘हांगे हसला’ यात अडकण्याऐवजी ‘हांगेला हसू आलं’. ‘बसला’ऐवजी ‘हांगेने खुर्ची ओढली’. ‘घाबरली’ऐवजी ‘हांगेची गाळण उडाली’. पात्राच्या तोंडी ‘मी जातो’ न घालता ‘मी निघणार’, ‘मला जायला हवं’. ‘मी पाहिलं’, ‘मी सांगितलं’ ही भूतकाळी वाक्यं कर्त्याचं लिंग सांगतच नाहीत. तिसऱ्या पुरुषात ‘त्याने’, ‘तिने’ टाळून नाव किंवा ‘त्यांनी’ वापरता येतं, मात्र ‘ते आले’, ‘त्या आल्या’पासून सांभाळून. पानभर असं लिहिलं तरी वाचणाऱ्याला खटकत नाही, फक्त सलग चार वाक्यांत तेच नाव येऊ देऊ नये.

ही कसरत हांगेसारख्या पात्रांपुरती ठेवावी. एखाद्या ट्रान्स स्त्रीने ‘मी आले’ म्हटल्यावरही ‘त्यांनी’, ‘येणार’, ‘त्यांना’ करत कुणी ‘ती’ हा शब्द टाळत असेल, तर तिला ते तिसऱ्या वाक्याला कळतं. तिथे सरळ ‘ती आली’ म्हणावं.